७४० नंबरचं इंजिन आणि रविवारचे रेल्वेवाले

ठाण्यात वाढलेल्या माणसाला भारतातली पहिली आगगाडी कधी धावली, हे विचारायची सोय नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं. १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास, बोरीबंदर ते ठाणे. चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. एकवीस मैलांचं अंतर गाडीनं सव्वा तासात कापलं. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांनी या रेल्वेसाठी आठ-दहा वर्षं आधीपासून खटपट केली होती, हेही आपल्याला पाठ आहे. इतिहासाच्या बाईंनी ते पाठ करून घेतलं होतं, आणि बाईंनी पाठ करून घेतलेलं विसरायची आपली आजही हिंमत नाही.

पहिल्या गाडीचा अभिमान आपल्याला आहेच. मला मात्र गेली काही वर्षं दुसरा प्रश्न पडतो. एखाद्या मार्गावरून शेवटची गाडी निघून जाते, तेव्हा त्या रुळांचं, इंजिनांचं, सिग्नलच्या खांबांचं आणि ते सगळं चालवणाऱ्या माणसांच्या हातातल्या कसबाचं पुढे काय होतं? उत्तर बहुतेक वेळा 'भंगार' असं एका शब्दाचं असतं. पण जगात काही ठिकाणी वेगळं घडलं. सरकारनं आणि कंपनीनं सोडून दिलेले रेल्वेमार्ग शिक्षक, सुतार, कारकून, विद्यार्थी अशा साध्या माणसांनी आपल्या सुट्टीच्या दिवशी दुरुस्त केले आणि स्वतः चालवायला घेतले. पगार नाही, भत्ता नाही. त्या गोष्टीला आपल्या परिसराचा एक अनपेक्षित धागा जोडलेला आहे, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

ठाण्याचा कलेक्टर आणि माथेरानची गाडी

तो धागा माथेरानचा. शाळेच्या सहली जिथे हमखास जायच्या, ते माथेरान इंग्रजांच्या नजरेत आणून दिलं ते ठाण्याच्या कलेक्टरनं. ह्यू मॅलेट हे त्याचं नाव आणि साल १८५०, म्हणजे आपल्या पहिल्या गाडीच्याही तीन वर्षं आधी. हळूहळू वर बंगले झाले, पण नेरळहून चढून जायचं तर घोडा, डोली नाहीतर पाय. मुंबईचे धनिक बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी हा प्रश्न मनावर घेतला. त्यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान रेल्वे उभी राहिली. खर्च आला सुमारे सोळा लाख रुपये. त्या काळातले सोळा लाख, आणि तेही एका खासगी माणसाचे.

मी इंजिनीअर आहे, तेव्हा थोडं तंत्राबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. या मार्गाच्या दोन रुळांमध्ये अंतर फक्त दोन फूट. सुमारे एकवीस किलोमीटरमध्ये गाडी साडेसातशे मीटरच्या आसपास वर चढते. काही ठिकाणी चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मधली दातेरी पट्टी नाही, दोरखंड नाही. निव्वळ चाक आणि रूळ यांच्या पकडीवर हा चढ चढायचा. त्यात वळणं इतकी अरुंद, की साध्या इंजिनाची चाकं त्यात अडकूनच बसावीत. मार्ग डोंगरातून आरपार नेण्याऐवजी डोंगराच्या अंगावरून फिरवत नेला, त्यामुळे बोगदा एकच. त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. सहलीत हे नाव पहिल्यांदा कळलं, तेव्हा आख्खा डबा कसा खिदळला होता आणि सर खिडकीबाहेर बघत आपण काही ऐकलंच नाही असं कसं दाखवत होते, ते ज्यांना आठवायचं त्यांना आठवेल.

या वळणांसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोप्पेल कंपनीकडून चार खास वाफेची इंजिनं मागवली गेली. नंबर ७३८ ते ७४१. त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या आसाची रचना मोठी हुशारीची होती. बाहेरचा आस पोकळ नळीसारखा आणि आत दुसरा भरीव आस, दोन्ही मधोमध एका गोलाकार सांध्यानं जोडलेले. त्यामुळे चाकांना ताकद तर मिळायचीच, शिवाय वळण आलं की ती थोडी तिरकी व्हायची, बाजूला सरकायची. या रचनेला क्लीन-लिंडनर म्हणतात.

सुमारे अर्धशतक चढाचा भार मुख्यतः या चौघांवर होता. १९५० च्या दशकात जर्मनीतूनच डिझेल इंजिनं आली आणि वाफेची इंजिनं हळूहळू मागे पडली. चारही इंजिनं भंगारात गेली नाहीत, हे नशीब. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पोचलं, दोन आपल्याच परिसरात शोभेसाठी उभी राहिली. चौथं, ७४० नंबरचं, साता समुद्रापलीकडे गेलं आणि अखेर इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड नावाच्या छोट्या गावातल्या रेल्वेच्या ताफ्यात दाखल झालं. ती रेल्वे चालवतात स्वयंसेवक.

वेल्समधलं बंडखोर पाऊल

या स्वयंसेवकांची परंपरा मात्र लेटन बझर्डला सुरू झाली नाही. ती सुरू झाली वेल्समध्ये, टॅलिलिन नावाच्या रेल्वेवर. १८६५ च्या सुमारास डोंगरातल्या खाणीतली पाटीची फरशी समुद्रकाठच्या गावापर्यंत आणायला हा साडेसात मैलांच्या आतला छोटा मार्ग बांधला गेला. १९११ मध्ये तो सर हेन्री हेडन जोन्स यांनी विकत घेतला. हे तिथले खासदार. १९४६ च्या अखेरीस खाण बंद पडली, म्हणजे रेल्वे चालवण्याचं कारणच संपलं. पण मी जिवंत असेतो गाडी बंद होणार नाही, असा शब्द जोन्सनी दिला होता आणि तो त्यांनी पाळला. ब्रिटनमधल्या रेल्वेंचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा या मार्गाचं नाव यादीतच नव्हतं, त्यामुळे तो सरकारच्याही हातात गेला नाही. मार्गाची अवस्था अशी, की रूळ जागेवर राहिले होते ते स्लीपरपेक्षा गवताच्या मुळांमुळे, असं तिथले लोक गमतीनं म्हणत.

जुलै १९५० मध्ये जोन्स वारले. आता रूळ उखडणार, हे उघड होतं. तेव्हा टॉम रोल्ट नावाचा एक इंजिनीअर आणि लेखक पुढे झाला. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममधल्या एका हॉटेलात त्यानं सभा बोलावली. सभेत प्रश्न साधाच होता: ही रेल्वे आपण चालवायची का? आजूबाजूच्या शहाण्या माणसांना हा वेडेपणा वाटला. रेल्वे चालवणं म्हणजे काय पतपेढी चालवणं आहे? पण संस्था स्थापन झाली, वर्गणी गोळा झाली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. सुरुवातीला मार्गाच्या थोड्याच भागावर. चालू स्थितीतलं इंजिन एकच, डॉलगॉक, तेही १८६६ चं. जवळच्याच एका बंद पडलेल्या रेल्वेची दोन इंजिनं त्यांनी प्रत्येकी पंचवीस पौंडांना घेतली.

सुरुवातीच्या या स्वयंसेवकांमध्ये एक पाद्री होता, रेव्हरंड ऑड्री. सुट्टीत येऊन तो गार्डचं काम करायचा. आपल्या मुलांनी लहानपणी टीव्हीवर पाहिलेला निळा 'थॉमस' याच माणसाच्या गोष्टींतून आला, आणि त्याच्या गोष्टींतली डोंगरातली छोटी रेल्वे म्हणजे टॅलिलिनच. माझ्या मुलानं थॉमसच्या पायी माझा जीव नकोसा केला होता, तेव्हा ही माहिती मला नव्हती. असती तर मी जरा प्रेमानं बघितलं असतं.

टॅलिलिननं दाखवून दिलं की हे जमतं. मग दहा वर्षांत मोठ्या रुळांवरही तेच झालं. त्यातली ब्लूबेल रेल्वेची कथा मला विशेष आवडते, कारण ती फावड्यापेक्षा कागदानं लढलेली लढाई आहे. ससेक्समधला हा मार्ग सरकारी रेल्वेनं १९५५ मध्ये बंद केला. मार्गालगत राहणाऱ्या मॅज बेसेमर नावाच्या बाईंनी तो मार्ग बांधताना संसदेनं केलेला एकोणिसाव्या शतकातला कायदा शोधून काढला आणि शांतपणे वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की या मार्गावर रोज चार गाड्या सोडणं बंधनकारक आहे. सरकारी रेल्वेला १९५६ मध्ये गाडी पुन्हा सुरू करावी लागली. साहेबांनी ती इतक्या नाखुशीनं चालवली, की लोकांनी तिचं नाव 'रुसलेली सेवा' अशा अर्थाचंच ठेवलं. शेवटी संसदेत कायदा बदलून १९५८ मध्ये मार्ग पुन्हा बंद केला गेला. पण तोवर लोक जागे झाले होते. ७ ऑगस्ट १९६० रोजी स्वयंसेवकांची गाडी त्या मार्गावर धावली. ती आजही धावते.

सगळा डाव बेसेमरबाईंनी जुना कागद शेवटपर्यंत वाचला म्हणून उलटला. आमच्या क्षेत्रातही असंच असतं. वीस वर्षांपूर्वीची प्रणाली बंद करा म्हणणारे शंभर असतात. ती नेमकं काय काय करते, हे वाचून सांगणारा एखादाच असतो.

वाळूची रेल्वे

आता लेटन बझर्ड. या गावाजवळ उत्तम प्रतीची वाळू सापडते. पहिल्या महायुद्धात परदेशी वाळू येईनाशी झाली, तेव्हा इथल्या वाळूला एकदम मागणी वाढली आणि ती वाहून नेणाऱ्या गाड्यांनी गावचे रस्ते पार उखडले. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, वाळूसाठी दोन फुटी रेल्वे टाकली गेली. सामान कुठलं? युद्धातल्या खंदकांपर्यंत दारूगोळा न्यायला सैन्यानं बनवलेलं, आता उरलेलं. पुढे ट्रक आले, रेल्वेवरची वाळू कमी होत गेली, आणि १९६८ पासून स्वयंसेवकांनी याच रुळांवर प्रवासी गाड्या सोडायला सुरुवात केली. ७४० नंबरच्या इंजिनाला ही जागा का मानवली असेल, ते आता लक्षात येईल: रुळांमधलं अंतर तेच, दोन फूट. त्याच ताफ्यात 'रिश्रा' नावाचं कोलकात्याजवळ काम केलेलं आणखी एक छोटं इंजिनही आहे.

कंपनीच्या कामासाठी मी काही महिने मिल्टन कीन्सला होते. तिथून हे गाव जवळ. माथेरानचं इंजिन तिथे आहे हे वाचल्यावर एका रविवारी गेले, आणि मग पुढचे बरेच रविवार जात राहिले. पहिल्या दिवशी वाटलं होतं, मला इंजिनाजवळ उभं करतील. हातात दिला तो लोखंडी दाताळा. रुळांच्या कडेचं गवत आणि काटेरी झुडपं काढायची. त्याआधी तासभर सुरक्षेचे नियम ऐकायचे: रुळांवर पाय ठेवायचा नाही, ओलांडायचा, दोन डब्यांच्या मध्ये कुणाला न सांगता जायचं नाही, अंगात नारिंगी जाकीट हवंच. माझ्या शेजारी गवत काढणारे आजोबा निवृत्त गणिताचे शिक्षक होते. दुसऱ्या बाजूला एक वीजतंत्री, आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी. चहाच्या टपरीवर केक विकणाऱ्या आजी पंधरा वर्षं दर रविवारी येत होत्या. त्यांना इंजिनात काडीचा रस नव्हता. 'इथे माणसं भेटतात,' एवढंच त्यांचं कारण.

तिथे मला कळलं की अशी रेल्वे चालवण्यात इंजिन चालवणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. वाफेचं इंजिन सकाळी सुटायचं असेल तर कुणीतरी पहाटे येऊन भट्टी पेटवावी लागते, कारण थंड बॉयलरमधून वाफ तयार व्हायला तीन-चार तास जातात, आणि घाई केली तर धातू असमान तापून बॉयलरलाच इजा होते. संध्याकाळी राख काढावी लागते. दर दहा वर्षांच्या आसपास बॉयलर पूर्ण उतरवून, नळ्या काढून, तपासून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तो खर्च आणि ते काम वर्षानुवर्षं चालतं. चालक व्हायचं असेल तर आधी इंजिन पुसायचं, मग फायरमन, मग परीक्षा, मग वैद्यकीय तपासणी, मग चालक. यात काही वर्षं जातात. पगार नसला म्हणून नियम सैल होत नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. आपल्याकडे 'स्वयंसेवक' म्हटलं की थोडं चालवून घ्यायचं असतं. तिथे उलट आहे. प्रवासी तिकीट काढून बसतो आणि चालकाला पगार मिळतो की नाही, याच्याशी त्याच्या जिवाला देणंघेणं नसतं.

ही छोटी गाडी गावातल्या घरांच्या परसदारामागून जाते. रस्ता ओलांडायचा आला की गाडीवरचा एक जण उतरतो, लाल झेंडा घेऊन मोटारी थांबवतो, गाडी जाते, तो पळत येऊन पुन्हा चढतो. वाळत घातलेल्या कपड्यांच्या इतक्या जवळून गाडी जाताना पाहिली, की कळवा-मुंब्र्याची आठवण यायचीच. आज ब्रिटनमध्ये अशा शंभराहून जास्त रेल्वे आहेत आणि सुमारे वीस हजार स्वयंसेवक त्या चालवतात.

आपल्याकडे काय झालं

परत आल्यावर साहजिकच विचार आला: आपल्याकडे हे का नाही? महाराष्ट्रात छोट्या रेल्वे कमी नव्हत्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीअरनं १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटी रूळ, पण प्रत्येक आसावर सारखा, पाच टनांचाच भार पडेल अशी डब्यांची आणि इंजिनांची रचना. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाई. ही रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. कित्येक वारकऱ्यांनी विठोबाचं दर्शन या गाडीनं घेतलं. १९५४ मध्ये ती सरकारकडे गेली आणि नंतर तिचे रूळ रुंद झाले. याबद्दल रडायचं कारण नाही. लातूरकराला मुंबईची थेट गाडी मिळाली, ती जुन्या रुळांच्या प्रेमापेक्षा मोठी गोष्ट आहे.

याच कॅलथ्रॉपनं बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड नावाची रेल्वे १९०४ मध्ये उभी केली. ती १९३४ मध्ये बंद पडली, रूळ उखडले गेले. आज तिथे पायवाट आहे. टॅलिलिनची सभा व्हायला अजून सोळा वर्षं होती. म्हणजे ज्या देशात आज वीस हजार स्वयंसेवक आहेत, तिथेही वेळ चुकली की रेल्वे गेलीच. मार्ग वाचतो तो त्याची गरज संपणं आणि त्याचे रूळ उखडणं यांच्या मधल्या थोड्या काळात. त्या काळात कुणी उभं राहिलं तर.

आपल्या विदर्भातली शकुंतला त्या मधल्या काळात फार वर्षं अडकून राहिली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा अडीच फुटी मार्ग वऱ्हाडातल्या कापसासाठी किलिक निक्सन कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा केला. राष्ट्रीयीकरणानंतरही त्याची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाड्या मात्र सरकारी रेल्वे चालवी, असा विचित्र संसार. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिथे सत्तरएक वर्षं राबलं. ते उतरवून डिझेल जोडलं ते १५ एप्रिल १९९४ ला. त्याच वर्षी आपण दहावीची परीक्षा दिली. म्हणजे आपण निकालाची वाट बघत होतो, तेव्हा आपल्याच राज्यात साध्या प्रवाशांना रोज नेणारं वाफेचं इंजिन थांबत होतं, आणि आपल्यापैकी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. आता ती छोटी गाडीही बंद आहे. तिच्यासाठी तिथल्या लोकांनी आंदोलनं केली. ती गरिबाची गाडी होती. बसच्या तिकिटाच्या थोड्याशा भागात ती गावाला नेई. त्यांना वारसा नको होता, गाडी हवी होती.

आणि माथेरान? ती वाचली, पण सुखासुखी नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस ठाण्यात आपण सगळ्यांनी भोगला. त्याच पावसात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. मध्य रेल्वेच्या कामगारांनी तो पुन्हा बांधला आणि शंभराव्या वर्षी, २००७ मध्ये, गाडी पुन्हा चढली. २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी बंद. अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी २०१७ च्या अखेरीस आणि पूर्ण मार्ग २०१८ मध्ये सुरू. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग वाहून गेला आणि नेरळहून गाडी सुटली ती २२ ऑक्टोबर २०२२ ला. दर वेळी ही रेल्वे परत आली, कारण माथेरानमध्ये मोटारीला बंदी आहे आणि वरच्या माणसांना, त्यांच्या शाळकरी मुलांना, सामानाला ती खरोखर लागते. इथला वारसा गरजेच्या आधारावर जगला. त्यात दरीच्या कडेला, पावसात, दगड फोडून भिंती रचणाऱ्या गँगमनचा वाटा किती, हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे रेल्वे म्हणजे सरकार. बाहेरच्या माणसानं रुळांवर फावडं घेऊन जाणं हा गुन्हाच ठरेल, आणि दिवसाला लाखो प्रवासी वाहणाऱ्या मार्गांवर तो नियम योग्यच आहे. त्यामुळे टॅलिलिन जसंच्या तसं इथे उचलून आणता येणार नाही. पण आपल्या लोकांत ती वृत्ती नाही, हे मला मान्य नाही. दर रविवारी पहाटे ठाणे-डोंबिवलीहून निघून गडांवर जाणारी, टाक्यातला गाळ उपसणारी, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करणारी पोरं आपण ओळखतो. काही जण आपल्याच शाळेची आहेत. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे ते कुणाच्या बळावर? बिनपगारी कामाची आपल्याला सवय आहे. फक्त गड आणि ग्रंथ यांच्या पंगतीत आपण रेल्वेला कधी बसवलं नाही. ती आपल्या रोजची, घामाची, धक्काबुक्कीची. रोजच्या गोष्टीला वारसा म्हणायला मन धजत नाही.

आपल्या हातात काय आहे

इंजिन पेटवणं आपल्या हातात नाही, पण बेसेमरबाईंचं काम आपण करू शकतो: कागद जपणं आणि वाचणं. आपल्या वर्गातच बघा. कुणाचे वडील कुर्ल्याच्या कारशेडमध्ये, कुणाचे माटुंगा वर्कशॉपमध्ये, कुणाचे परळला, तर कुणाचे काका कल्याणच्या लोकोशेडमध्ये होते. ड्युटीचा डबा, रेल्वेचा पास, निळा शर्ट, रात्रपाळीनंतर दिवसा झोपलेले बाबा आणि 'आवाज करू नका' म्हणणारी आई, हे आपल्यापैकी कित्येकांचं घर होतं. या माणसांनी वाफेवरून डिझेल आणि डिझेलवरून वीज असे बदल स्वतःच्या हातांनी केले. ती आता ऐंशीच्या पुढे आहेत. काही गेली. ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांना सुरुवातीला सगळ्यात मोठी मदत झाली ती निवृत्त रेल्वे कामगारांची. झडप कुठल्या आवाजाला उघडायची, हे पुस्तकात नसतं. ते त्यांच्या कानात होतं. आपल्याकडचे ते कान अजून आहेत.

म्हणून एक ठोस सूचना मांडते. मेळाव्याच्या दिवशी आपल्या वर्गात एक टेबल ठेवूया. घरात जुने पास, ड्युटीची पत्रकं, नियमांची पुस्तकं, वर्कशॉपमधले गटाचे फोटो, निवृत्तीच्या समारंभातली मानपत्रं असतील, ती घेऊन या. तिथेच स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत देऊ. स्कॅनर आणि लॅपटॉप मी आणते. ज्यांचे आईवडील किंवा काका-मामा बोलू शकतील, त्यांच्याकडे जाऊन मोबाइलवर तासभराचं बोलणं नोंदवून घेऊया. प्रश्नांची यादी मी केली आहे. त्यात 'तुम्हाला नोकरीचा अभिमान वाटतो का' असले प्रश्न नाहीत. पहिल्या दिवशी हातात काय दिलं, रात्रपाळीत जेवण कुठे गरम करायचा, अपघात झाला की आधी कुणाला कळवायचं, असे आहेत. माझ्या अनुभवानं माणसं अशाच प्रश्नांना खुलतात. आपल्या काही शिक्षकांनी शाळा सुटल्यावर वर्षानुवर्षं लोकलनं कल्याण-बदलापूर गाठलं. त्यांच्याही आठवणी यात याव्यात, अशी त्यांना विनंती आहे.

हे काम कुणी तरी सलग करायला हवं. सुरुवातीला महिन्यातला एक रविवार पुरे. पहिला रविवार मेळाव्यानंतरच्या महिन्यातला पहिला. जागा माझं घर, गोखले रोडपासून चालत पाच मिनिटं. आतापर्यंत आपण तिघी जणी आहोत आणि एकीच्या वडिलांनी, परळ वर्कशॉपमधल्या त्यांच्या पहिल्या दिवसापासून सांगायला, होकार दिला आहे. त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्यानं बोलणारा एक जण हवा आहे. मागच्या बाकावरचे कुणीही चालतील.